प्रोटीन पावडरच्या डब्यास अनावृत पत्र

प्रति,
श्री. प्रोटीन पावडर (चॉकलेट स्वाद, दोन किलो),
वरची फळी, स्वयंपाकघर,
कोल्हापूर.

विषय : आठवीतल्या पोराच्या पेल्यातून आपली बदली होण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

आपलं आगमन थाटात झालं. घरातला थोरला पहाटे पोहायला जातो, धाकटी संध्याकाळी फुटबॉल खेळते. वयाच्या १६व्या वर्षी बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पोहलेला वीरधवल खाडे ज्या गावचा, २०१७च्या सतरा वर्षांखालच्या फुटबॉल विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव ज्या गावचा, तिथल्या आईबापांना स्वप्नं पडणारच. त्या स्वप्नांचं बोट धरून आपण घरात शिरलात आणि महिन्याच्या किराणाएवढं बिल करून फळीवर विराजमान झालात.

आपल्या दर्शनी भागावरचे दंड सगळ्यांनी पाहिले. पाठीवरची बारीक अक्षरं मात्र कुणी वाचली नाहीत. तिथे छापलंय : ‘लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा.’ ज्यांच्यासाठी आणलं त्यांच्यापासूनच लांब ठेवायचं, हा पेच अजून घरात कुणाच्या ध्यानात आलेला नाही.

आपल्या खानदानाबद्दलही थोडं. २०२४मध्ये केरळमधल्या एका डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरी तपासल्या गेल्या. त्यांतल्या २५ डब्यांवर लिहिलेली प्रथिनं आणि आत सापडलेली प्रथिनं यांचा मेळ बसला नाही. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि अंग कमावण्यासाठी अशा पावडरी घेऊ नयेत, असं त्यात स्पष्ट सांगितलं. आपण मात्र त्या ३६ जणांत नव्हता, अशी सर्वांना आशा आहे.

आता हिशेब. खेळणाऱ्या मुलाला वजनाच्या किलोमागे दिवसाला साधारण दीड ग्रॅम प्रथिनं पुरतात. थोरला ४० किलोचा, म्हणजे ६० ग्रॅम. दोन अंडी १२, दोन पेले दूध १३, मूठभर शेंगदाणे ७, वाटीभर मटकीची उसळ ८, चार चपात्या १२, वाटीभर दही ४. साठीला जेमतेम चार कमी, आणि ते रात्रीच्या वरणभातात निघून येतात. रविवारचा तांबडा-पांढरा तर हिशेबात धरलेलाच नाही. आपण पेल्यात ओतता ते यावर वरकड.

शिवाय पोहणं आणि पळणं मुख्यतः प्रथिनांवर चालतच नाही. स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, हे त्यांचं इंधन. आणि ते भरून येतं भात, भाकरी, बटाटा, केळं यांतून. थोरल्याची खरी अडचण तिथे आहे. तो साडेपाचला रिकाम्या पोटी पाण्यात उतरतो, सातला बाहेर पडतो, ओल्या केसांनी तसाच शाळेची बस पकडतो आणि पहिला घास मधल्या सुट्टीत खातो. उतरण्याआधी एक केळं किंवा चार खजूर आणि बसमध्ये दशम्या, नाहीतर गूळ-शेंगदाण्याचे दोन लाडू, एवढ्याने काम भागतं. तेवढ्यासाठी कुणीतरी आदल्या रात्री डबा भरायला हवा. आपण आल्यापासून ‘शेक घेतलाय ना!’ म्हणून तो कुणी भरत नाही.

धाकटीचं प्रकरण याहून नाजूक. सराव वाढला आणि ताट तेवढंच राहिलं, तर वाढत्या वयातल्या मुलींची पाळी लांबते किंवा थांबते, हाडं कमकुवत होतात, पायाच्या हाडाला बारीक चीर जाते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४मध्ये या अवस्थेवर सविस्तर निवेदन काढलं. मुलगेही तिच्यातून सुटत नाहीत. जास्तीची भाकरी आणि तिच्या जोडीला मेथी-नाचणी ही त्यावरची तजवीज. चॉकलेट स्वादाने पोट भरल्यावर ती भाकरी कोण खाणार?

पाण्याचंही तसंच. पोहणाऱ्याला घाम येतो, फक्त तो दिसत नाही; म्हणून तलावाच्या काठावर बाटली हवीच. रोजच्या सरावाला साधं पाणी पुरतं, हे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०११मध्येच सांगितलं. उन्हात सामना लांबला, तर मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत मध्यंतरात चालतं.

तरी आपण घरातल्या प्रौढांकडे, त्यांची हरकत नसल्यास, वर्ग व्हावं ही विनंती. कळावे, लोभ आटोपता असावा.

आपला,
खालच्या फळीवरचा समस्त किराणा

ता. क. : फ्रिजच्या दारात उभ्या असलेल्या आपल्या चुलतभावालाही, म्हणजे एनर्जी ड्रिंकच्या कॅनलाही, हे पत्र दाखवावं. त्याच्या एका लिटरमध्ये ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन घालायला कायद्याने मुभा आहे, आणि ‘मुलांसाठी शिफारस नाही’ हे छापायची सक्तीही आहे. अक्षर बारीक असल्याने वडिलांना चष्मा लागेल. थोरल्याला बिनचष्म्याचं वाचता येतं.