एकवीस तासांचा दिवस

'रिसॉर्ट' या शब्दाचे मूळ जुन्या फ्रेंच भाषेतील ज्या क्रियापदात सापडते, त्याचा अर्थ 'पुन्हा बाहेर पडणे' असा असून, लोणावळा-खंडाळा परिसरातील मोठ्या रिसॉर्टांनी हा व्युत्पत्त्यर्थ सकाळी ११ वाजता खोली सोडायला लावण्याच्या नियमातून निष्ठेने जपला आहे. खोलीचा ताबा दुपारी २ वाजता मिळतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता ती रिकामी करावी लागते. म्हणजे भाडे एका दिवसाचे असले तरी तो दिवस २१ तासांचाच भरतो. पंचांगात अधूनमधून तिथीचा क्षय होतो, येथे तो रोज ३ तासांचा होतो. हे तास खोली झाडण्यापुसण्यासाठी राखून ठेवलेले असतात, असे व्यवस्थापनाचे म्हणणे. तथापि पलंगाखाली आधीच्या कुटुंबातील बाळाचा एक मोजा सापडला, तर या तासांचा विनियोग नेमका कसा होतो, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय ठरतो.

'व्हॅली व्ह्यू', म्हणजे खिडकीतून दरी दिसत असल्याबद्दल जादा आकार असलेली खोली, ही संज्ञा हिवाळ्यापुरती निर्दोष आहे. परंतु लोणावळे सह्याद्रीच्या कड्यालगत, समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर वसलेले असल्याने नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांबरोबर आलेले ढग तेथेच मुक्काम ठोकतात आणि नेमक्या त्याच महिन्यांत मुंबई-पुण्याचा पर्यटकही तेथे मुक्कामाला येतो. अशा धुक्यात व्हॅली व्ह्यू आणि बागेकडे तोंड असलेला स्वस्त गार्डन व्ह्यू यांतील द्वैत पूर्णपणे मावळते. बिलात मात्र ते अबाधित राहते.

भाड्यावरील कराची रचनाही बोधप्रद आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दररोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यापुढील खोलीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो, त्यामुळे दारिद्र्यरेषेच्या धर्तीवर ऐषारामाचीही एक सरकारी रेषा अस्तित्वात आली असून, शनिवार उजाडला की बरीच मध्यमवर्गीय कुटुंबे ती नकळत ओलांडतात. भोजनव्यवस्थेचे प्रकार आद्याक्षरांनी ओळखले जातात: 'सीपी' अर्थात कॉन्टिनेंटल प्लॅनमध्ये केवळ न्याहारी, 'एमएपी'मध्ये न्याहारी व एक जेवण, तर 'एपी' अर्थात अमेरिकन प्लॅनमध्ये तिन्ही वेळचे खाणे भाड्यात धरलेले असते. युरोप वा अमेरिका यांपैकी कोणाचाही ताटाशी संबंध येत नाही, कारण ताटात एकाच लाल रश्श्यातून तीन नावांनी अवतार घेतलेले पनीर असते.

येथे 'वसुली' ही संकल्पना समजून घेणे अगत्याचे आहे. वसुली म्हणजे भरलेल्या भाड्याची शरीराच्या द्वारे केलेली परतफेड. घरी वाटीभर पोह्यांवर समाधान मानणारा गृहस्थ रिसॉर्टच्या न्याहारीत इडली, आम्लेट, पुरीभाजी आणि कलिंगड यांना एकाच बशीत नांदवतो, डोशाच्या रांगेत वीस मिनिटे उभा राहतो आणि मिळालेला डोसा थंड असला तरी दुसऱ्याची मागणी नोंदवून ठेवतो. स्विमिंग पूलमध्ये नायलॉनचा पोशाख सक्तीचा असल्याने तो स्वागतकक्षातच विकत घेतला जातो, व त्याची किंमत भरून निघावी म्हणून भर पावसात, कमरेएवढ्या पाण्यात, इतर चाळीस वसुलीकर्त्यांसह उभे राहिले जाते. खोलीतील वीज दाराजवळच्या खाचेत कार्ड घातल्याशिवाय चालू होत नाही. हे कार्ड काढून बाहेर जावे अशी अपेक्षा असली, तरी बऱ्याच खाचांना कोणतेही कार्ड चालते हे ज्ञान मराठी कुटुंबांत पिढीजात असल्यासारखे आढळते, आणि रिकाम्या खोलीतील वातानुकूलन कुणाच्या तरी ग्रंथालयाच्या ओळखपत्रावर दिवसभर सुरू राहते. साबण, शाम्पूच्या बाटल्या आणि चहाच्या पुड्या यांचे स्थलांतर तर पहिल्या तासातच आटोपलेले असते.

प्रतिपक्षही स्वस्थ बसत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर करून बिलात सेवा शुल्क आपोआप जोडण्यास मनाई केली, दिल्ली उच्च न्यायालयाने ती मार्च २०२५ मध्ये उचलून धरली; तरीही बिलाच्या तळाशी ते शुल्क दिसले, तर ते काढायला सांगणारा विरळाच, कारण वेटर हसतमुखाने समोर उभा असतो आणि शेजारच्या टेबलावरचे कुटुंब पाहत असते. गळक्या नळाविषयी तक्रार केल्यास 'कॉम्प्लिमेंटरी' फळांची टोपली येते. कॉम्प्लिमेंटरी म्हणजे जिचे मोल भाड्यात आधीच धरलेले आहे अशी विनामूल्य वस्तू. टोपलीत एक केळे, एक सफरचंद आणि एक संत्रे असते. नळ गळत राहतो.

रविवारी ११ वाजता खोलीतून निघालेली कुटुंबे लॉबीत आपापल्या बॅगांवर बसून दुपारच्या जेवणाची वाट पाहतात, नंतर बाजारात थांबून चिक्की घेतात आणि संध्याकाळी, सर्वांनी तोच विचार केलेला असल्यामुळे, एकाच वेळी द्रुतगती मार्गावर उतरतात. सुमारे ९५ किलोमीटरच्या या मार्गावर खंडाळ्याच्या घाटात गाड्या थांबतात, आणि क्षय पावलेले ते ३ तास पाहुण्याला तेथे जसेच्या तसे परत मिळतात. त्यांवर कर लागत नाही, आणि धुके विरलेले असल्यास दरीही दिसते.