धुणं चाललं सिंगापूरला

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या आमच्या हरसूलला कपडे धुण्याचा प्रश्न नसतो, वाळवण्याचा असतो. मृगात धरलेला पाऊस गणपती उठेपर्यंत हात आखडत नाही. आठ-आठ दिवस सूर्य तोंड दाखवत नाही. मग चुलीच्या वर आडवा बांबू टांगायचा आणि धुणं त्यावर टाकायचं. कपडे वाळतात कमी आणि धुरावतात जास्त. शाळेत विज्ञान शिकवताना माझं तोंड फळ्याकडे असलं, तरी उशिरा आलेल्या पोराच्या सदऱ्याच्या वासावरून त्याच्या घरी साग जळतोय की ऐन, हे मी सांगायचो.

अशा गावचा माणूस निवृत्त होऊन जहाजावर गेला तर काय बघेल? समुद्र, असं आमच्या लेकीला वाटलं. तिने आणि जावईबापूंनी सिंगापूरहून सुटणाऱ्या, पेनांग आणि फुकेतला टेकणाऱ्या जहाजाची तिकिटं काढली आणि आम्हा दोघांना बरोबर घेतलं. समुद्राविषयी सांगायचं तर तो चांगला आहे. मोठाही आहे. पण अर्ध्या तासात बघून होतो. पुढे दोनच गोष्टी उरतात, जेवण आणि मळलेले कपडे. जेवण तिकिटात धरलेलं असतं, धुणं धरलेलं नसतं.

त्यातून जहाजावर माणूस काही काम करत नाही आणि तरीही कपडे मात्र भरमसाट मळवतो. सकाळच्या नाश्त्याला एक जोड, तलावाकाठी दुसरा, किनाऱ्यावर उतरायला तिसरा, रात्रीच्या जेवणाला चौथा. एखाद्या रात्री तर 'फॉर्मल नाइट' असते. तेव्हा कोट-टाय चढवून सूप प्यायचं. सोंगाचं आम्हाला वावडं नाही. हरसूल हे बोहाड्याचं गाव. मुखवटे चढवून संबळाच्या तालावर रात्र-रात्र देव आणि दैत्य नाचवणारी माणसं आम्ही. पण आमच्या रावणाला इस्त्री लागत नाही. जहाजावरच्या सोंगाला लागते.

हे सगळं आमच्या हिने आधीच ओळखलं होतं. तिच्या बॅगेत पाचशे एकची वडी, ब्रश, सुतळी, चिमटे, पाणी तापवायची कॉइल आणि प्रवासातली छोटी इस्त्री असा सरंजाम होता. जहाजात चढताना सामान यंत्रातून जातं. आमची बॅग बाजूला निघाली. गणवेशातल्या माणसाने इस्त्री आणि कॉइल उचलून एका टेबलावर ठेवली आणि उतरताना परत मिळतील अशी पावती दिली. साबणाची वडी मात्र तो बराच वेळ हुंगत राहिला. ही खायची वस्तू नाही, हे जावईबापूंनी त्याला इंग्रजीत समजावलं.

"इस्त्रीला काय घाबरायचं एवढं?" ही म्हणाली.

घाबरण्यासारखं आहे. भर समुद्रात अग्निशमन दलाचा बंब येत नाही. २० जुलै १९९८ रोजी मायामीहून नुकतंच निघालेलं 'एक्स्टसी' नावाचं क्रूझ जहाज पेटलं, ते लाँड्रीतूनच. तिथे वेल्डिंग चाललं होतं. कपडे वाळवताना तंतूंचा जो भुसा निघतो, त्याने पेट घेतला आणि हवा खेळवणाऱ्या नळ्यांतून आग थेट मागच्या डेकपर्यंत पोचली. सुदैवाने कुणी दगावलं नाही. केबिनमध्ये इस्त्री चालत नाही, ती अशाच भीतीपोटी. हे मी हिला सविस्तर सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुमचा कोट चुरगळलेलाच राहणार."

केबिनमधली न्हाणी एवढी लहान, की साबण खाली पडला तर तो उचलायला बाहेर येऊन पुन्हा आत जावं लागावं. पण तिथे शॉवरच्या वर भिंतीत एक चकती बसवलेली होती. हिने ती ओढली, तर आतून दोरी निघाली. समोरच्या भिंतीला ती अडकवायची सोय होती. "अहो, यांच्याकडे वलणी आहे!" ही आतून ओरडली. एवढं मोठं जहाज, त्यातली झुंबरं, त्यातलं नाट्यगृह, पण हिने मनापासून कौतुक केलं ते फक्त या दोरीचं.

दोरी मात्र दोन बनियन आणि एक पंचा यांच्यापुढे जात नाही. पंचा जास्त ओला असला तर तीही खाली येते. तेव्हा हिने बाल्कनीचा कठडा गाठला. ऊन रणरणतं, वारा भन्नाट, हरसूलच्या माणसाला श्रावणात स्वप्नात दिसावं असं वाळवण. दहा मिनिटांत फोन वाजला. बाल्कनीत कपडे वाळत घालायला मनाई आहे, असं पलीकडून अत्यंत गोड आवाजात सांगण्यात आलं. वाऱ्याने उडालेला कपडा खालच्या बाल्कनीत जातो किंवा समुद्रात जातो, हे खरंच. पण चारी बाजूंना क्षितिजापर्यंत ऊन पसरलेलं असताना पंचा न्हाणीच्या अंधारात वाळवायचा, हे हिला शेवटपर्यंत पटलं नाही.

आता अधिकृत मार्ग उरला. कपाटात एक पिशवी आणि एक छापील तक्ता होता. शर्ट इतके, पँट इतके, मोजे इतके, असं भरायचं, सही करायची आणि पिशवी दारात ठेवायची. पैसे खोलीच्या खात्यावर चढतात. दर डॉलरमध्ये होते. त्याला रुपयांनी गुणून पाहिलं तेव्हा कळलं, की एक शर्ट धुवायला जेवढे पैसे पडतात तेवढ्यात आमच्या आठवडे बाजारात नवा शर्ट येतो, आणि बाजारवाला वर एक रुमालही देतो. शिवाय तक्त्यात साडी नव्हती. परकर नव्हता. धोतर तर नव्हतंच. खोली आवरणारा इंडोनेशियाचा पोरगा मोठा सालस. त्याने साडी हातात घेतली, एक टोक उलगडलं, दुसरं टोक कुठे आहे ते शोधलं, आणि तक्त्यावर शेवटी बोट ठेवलं ते टेबलक्लॉथवर. साडी परत बॅगेत गेली.

दोन दिवसांनी दाराखालून एक चिठ्ठी आली. आज खास सवलत, पिशवीत मावेल तेवढं एकाच दरात. ती चिठ्ठी वाचून हिच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मी फक्त धान्य भरण्याच्या दिवसांत पाहिलेली आहे. नागलीची पोती ठोकून-ठोकून भरण्यात हिची हयात गेली. अट एकच होती, पिशवीचं तोंड बांधता आलं पाहिजे. ते आलं. जावईबापूंना पिशवीवर बसावं लागलं, पण आलं. इंडोनेशियाच्या पोराने ती उचलायला हात घातला, मग दोन्ही हात घातले, मग हसून ढकलगाडी आणायला गेला.

कपडे दुसऱ्या दिवशी परतले. प्रत्येकाला खोली नंबराची कागदी चिठ्ठी होती. आमच्याकडे परीट बिब्ब्याच्या रसाने खूण करायचे. चुन्याची जोड मिळाली की ती खूण कापड फाटेपर्यंत निघत नसे, आणि मालक बदलला तरी कपडा कुठल्या घरचा ते कळे. इथली चिठ्ठी ओढली की निघते. पण घडी काय होती म्हणून सांगू! माझे बनियन, काखेत विरलेले, गळा सैल झालेले, पातळ झुळझुळीत कागदात गुंडाळून आले होते. उभ्या आयुष्यात त्यांचा असा मान कुणी राखला नव्हता. मला तर ते अंगात घालायचा संकोच वाटू लागला.

ही घडी कोण घालतं, ते खाली बारमध्ये काम करणाऱ्या गोव्याच्या तारवटीने, म्हणजे खलाशाने, सांगितलं. सासष्टीचा माणूस, बाप आणि काकाही जहाजावरच. तो कोकणीत बोलला, आम्ही मराठीत. लाँड्री सगळ्यात खालच्या मजल्यांवर असते, तिथे खिडकी नसते. यंत्रं रात्रंदिवस चालू. पाहुण्यांचे कपडे म्हणजे किरकोळ, खरा डोंगर चादरी, टॉवेल, टेबलक्लॉथ, नॅपकिन आणि नोकरांच्या गणवेशांचा. चादर एका बाजूने ओलसर आत सरकवायची, तापलेल्या रुळांखालून ती दुसऱ्या बाजूला कोरडी आणि कडक होऊन निघते. वर आम्ही सूर्यास्ताचे फोटो काढत होतो तेव्हा खाली कुणीतरी आमच्या चादरीची टोकं जुळवत होतं. आणि दिवस मावळल्याचं त्याला फक्त घड्याळावरून कळत होतं.

मला विज्ञानाच्या मास्तराची खोड. एवढं धुवायला पाणी कुठलं, हा प्रश्न पडला. समुद्राचं पाणी धुण्याला चालत नाही. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साध्या साबणाला फेस येऊ देत नाही, नुसता साका होतो. खोबरेल तेलाचा साबण तेवढा खाऱ्या पाण्यातही फेसाळतो, म्हणून खलाशी तो वापरत. गोड्या पाण्याच्या टंचाईमुळे पुष्कळ जुन्या प्रवासी जहाजांवर लाँड्री नसे. १९१२ च्या टायटॅनिकवर पोहण्याचा तलाव होता, तुर्की स्नानगृह होतं, पण लाँड्री नव्हती. मळलेलं कापड बंदरावर उतरवून धुवायचं, असा बेत होता. आता जहाज स्वतःचं पाणी स्वतः करतं. इंजिनाची वाया जाणारी उष्णता वापरून, दाब कमी करून समुद्राचं पाणी उकळतं आणि वाफ थंड करतं. जोडीला आरओची यंत्रं असतातच.

हे सगळं मी हिला सांगितलं. ऐकून ही गप्प झाली. आमच्याच त्र्यंबकेश्वर तालुक्यात खरशेतचा शेंद्रीपाडा आहे. तिथल्या बाया तास नदीच्या खोल घळीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून तोल सांभाळत हंडे आणत. वर्तमानपत्रांत फोटो आले तेव्हा कुठे २०२२ च्या जानेवारीत लोखंडी पूल झाला. पावसाळ्यात ढगफुटी आणि उन्हाळ्यात हंडा, असा आमचा मुलूख. आणि इथे खाऱ्या समुद्रातून गोडं पाणी काढून माझे बनियन धुतले जात होते. "त्या पिशवीचे पैसे महाग नाहीत हो," ही म्हणाली. मी म्हटलं, बरं.

पण या सगळ्याहून मोठा शोध तिने चौथ्या डेकवर लावला. लांबलचक गल्लीच्या टोकाला बिननावाचं एक दार. आत धुण्याची यंत्रं, वाळवण्याची यंत्रं आणि साखळीने बांधलेल्या इस्त्र्या. पैसे घाला, स्वतः धुवा. हा तर पानवठाच होता. जहाजावर इतरत्र माणसं एकमेकांना 'गुड मॉर्निंग' म्हणून पुढे सरकतात. इथे यंत्र थांबेपर्यंत कुणी कुठे जाऊ शकत नाही, म्हणून बोलतात. मेलबर्नची एक आजी पाचव्या क्रूझवर होती आणि तिला नवऱ्याच्या घोरण्याविषयी सांगायचं होतं. सुरतच्या भाभींना सुनेविषयी सांगायचं होतं. कोईमतूरच्या एका निवृत्त बँक मॅनेजरांना काहीच सांगायचं नव्हतं, पण बायकोने पाठवलं होतं. जहाज कुठे उशिरा पोचणार, कुठल्या हॉटेलात बिर्याणी बरी, कप्तानाच्या मेजवानीला कोण गेलं, ही बातमी घोषणेच्या आधी इथे कळे.

भांडणही पानवठ्याचंच. यंत्र थांबलेलं, धनी जागेवर नाही, बाहेर रांग. अशा वेळी कुणीतरी आतले ओले कपडे काढून वर ठेवले. धनी आला आणि पेटला. माझ्या कपड्यांना हात लावलाच कसा? दोन्ही बाजूंनी इंग्रजी वाढू लागलं. आमच्या हिला त्यातला शब्द कळत नव्हता, पण खटला पाठ होता. नदीवर दगड कुणाचा, यावरून असे खटले तिने पुष्कळ पाहिलेत. ती उठली, ओले कपडे उचलून रिकाम्या झालेल्या वाळवणी यंत्रात टाकले, धन्याकडून नाणं मागून घेतलं, यंत्र चालू केलं आणि ज्याचा नंबर होता त्याला खुणेने बोलावलं. निकाल लागला. मेलबर्नच्या आजीने टाळ्या वाजवल्या. पुढच्या दिवसापासून नंबर ठरवायला माणसं हिच्याकडे बघू लागली. सौभाग्यवतीने पाचशे एकची वडी तिथेच ठेवून दिली. यंत्रात घालण्याआधी कॉलर घासायला तिचा उपयोग होतो, हे तीन देशांच्या बायकांनी मान्य केलं. माझा कोटही तिथल्या इस्त्रीने सरळ झाला, आणि मी सूप प्यालो.

तेव्हा जहाजाने जाणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. इस्त्री आणि कॉइल नेऊ नका, जप्त होतील. लोहचुंबकाचे हूक न्या. केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, ते घट्ट चिकटतात आणि कपडे टांगता येतात. धुतलेला कपडा टॉवेलात गुंडाळून वर उभे राहा, निम्मं पाणी तिथेच जातं. आणि तिकीट काढताना तलाव किती आणि हॉटेलं किती ते विचारू नका, स्वतःचे कपडे स्वतः धुण्याची खोली आहे का, एवढंच विचारा. पुष्कळ जहाजांवर ती नसते.