पन्नास मीटर वायरची वरात

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत ‘संपर्क तुटला’ हे शब्द पुरासाठी राखून ठेवलेले आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगा पुणे-बंगळूर महामार्गावर चढली आणि ट्रकांच्या रांगा लागल्या, तेव्हा तो तुटला होता. त्यामुळे इथल्या एका फाउंड्रीतले दर्जा विभागाचे साहेब लॅपटॉप छातीशी धरून ‘माझा संपर्क तुटतोय’ असं ओरडत शेडमध्ये आले, तेव्हा भट्टीवरच्या मेस्त्रींनी आधी आभाळाकडे बघितलं.

तुटत होतं ते वायफाय. तेही नेमकं ग्राहकाशी व्हिडिओवर बोलताना. साहेब धातूतली मूलद्रव्यं मोजणाऱ्या स्पेक्ट्रोसमोर उभे राहून आकडा वाचायचे, ‘कार्बन तीन पूर्णांक चा–’ आणि तोंड उघडंच ठेवून पडद्यावर गोठायचे. पलीकडे ऐकू जायचं फक्त ‘कार्बन तीन’. एवढ्या कमी कार्बनचं ग्रे आयर्न मशीनवर टूल खाईल, या भीतीनं ग्राहकाकडे धावपळ सुरू व्हायची.

खरं म्हणजे कोल्हापूरला बिघाडाचं भय नाही. हा जिल्हा इंजिनिअरिंग शिकला तोच बिघडलेली यंत्रं खोलून. उसाच्या मळ्यातलं पाणी आणि गुऱ्हाळाचा चरक ज्या ऑइल इंजिनांवर चालायचा, ती दुरुस्त करता करता म्हादबा मेस्त्रींसारख्या जुन्या कारागिरांच्या पिढीनं ती घडवायलाही घेतली. त्याच्या पुढची वाट फाउंड्र्यांपर्यंत आली. त्यामुळे कुठलीही वस्तू रुसली की इथला माणूस पहिलं वाक्य बोलतो, ‘खोलून बघूया की!’

पण लॅपटॉप साहेबांचा नव्हता. तो कंपनीचा होता आणि त्याचा कारभार पुण्याच्या हेड ऑफिसातून चालायचा. वायफाय कार्डाच्या सेटिंगवर क्लिक केलं की अक्षरं राखाडी व्हायची, आणि यातल्या काही गोष्टी तुमची संस्था सांभाळते, असं मशीन नम्रपणे सांगायचं. विंडोजमध्ये गेल्या तीन दिवसांत वायफाय कधी जोडलं, कधी तुटलं आणि का तुटलं याचा अहवाल काढणारी एक छान आज्ञा आहे. ती चालवायलाही अॅडमिनचे अधिकार लागतात. म्हणजे रोग्याचा केसपेपरही कुलपात. आणि हेल्पडेस्ककडे तिकीट टाकायचं, तर त्यासाठी नेट हवं!

मग संशयितांची यादी झाली. पहिलं बोट अर्थातच इंडक्शन भट्टीकडे. एवढी वीज खाणारी बया शेजारी असताना वायफाय कसं टिकेल, हा युक्तिवाद शेडमध्ये सगळ्यांना पटला. पण अशी भट्टी साधारण काही शे ते हजारभर हर्ट्झवर चालते आणि वायफायच्या लहरी सेकंदाला २४० कोटी वेळा हेलकावतात. दोघींची पट्टीच इतकी निराळी, की भांडायलाही त्या भेटत नाहीत. भट्टी निर्दोष सुटली. कॅन्टीनमधला मायक्रोवेव्ह मात्र वायफायच्याच पट्टीत, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत कुणाची भाजी गरम होताना जवळपासच्या लॅपटॉपचं नेट लंगडू शकतं. पण साहेबांचं नेट जेवणाची वेळ पाळत नव्हतं.

तिसरा संशयित पत्रा. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कोलकात्यात बिनतारी लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. शिरोलीत भिंती कमी आणि पत्रा फार. लहरी विटांमधून थोड्याफार पाझरतात, धातूवरून मात्र उलट फिरतात. म्हणून तर ऑफिस, मोल्डिंग शॉप आणि लॅब अशा तीन ठिकाणी वायफायचे तीन डबे टांगले होते. मग तुटायचं कारण काय?

साहेबांनी शेवटी तेच केलं जे ते कास्टिंगमधल्या ब्लो होलचं कारण शोधताना करतात. भट्टीच्या लॉगशीटची कोरी पानं घेतली आणि पेन्सिलीनं नोंदी सुरू केल्या: वेळ, जागा, चार्जर. आठवड्यात चित्र स्पष्ट झालं. टेबलावर चार्जर लावून बसलं की काही होत नाही, चार्जर काढून शॉपमध्ये चाललं की तुटतं. ‘बॅटरी वाचवायला कार्ड झोपतंय,’ साहेबांनी जाहीर केलं. संशय रास्तच होता, कारण बॅटरीवर विंडोज वायफाय कार्डाची वीज खरंच आखडते.

मेस्त्रींनी मान हलवली. ‘साहेब, एकाच दिवशी वाळूतलं पाणी बी बदललं आन् ओतायचं टेंपरेचर बी बदललं, तर रिजेक्शन कशानं आलं हे कसं कळणार? तुम्ही चार्जर बी काढताय आन् जागा बी सोडताय.’

साहेब गप्प झाले. मग शिरोलीच्या इतिहासात न झालेली ती चाचणी झाली. चार्जर लावलेला लॅपटॉप दोन्ही हातांवर आरतीच्या ताटासारखा धरून साहेब पुढे आणि पन्नास मीटरचं एक्स्टेन्शन सोडत हेल्पर मागे. वरातीत जनरेटरवाला चालतो तसा. फेटलिंगवाल्यांनी ग्राइंडर बंद करून वाट दिली. मोल्डिंग शॉप ओलांडताना, चार्जर लावलेला असताना, नेट तुटलं. उलट टेबलाशी बसून चार्जर काढला, तर तासभर अखंड चाललं.

म्हणजे दोष वाटेत होता. एक डबा सोडून दुसरा कधी धरायचा हे वायफायमध्ये बहुतेक वेळा लॅपटॉपच ठरवतो, आणि हा लॅपटॉप ऑफिसच्या डब्याला माहेरच्या उंबऱ्यासारखा चिकटून बसायचा. सिग्नल उणे ६७ डीबीएमच्या खाली घसरला की बोलणं तुटक होऊ लागतं. हा उणे ८५ पर्यंत पदर सोडत नव्हता. बरं, शेवटी सोडला तरी नवा डबा त्याला लगेच आत घेईना. आधी प्रमाणपत्राची तपासणी, आणि ती तपासणारा सर्व्हर पुण्यात. मोल्डिंग शॉपमधून लॅबपर्यंत चाळीस पावलं, पण परवानगी दोनशेहून जास्त किलोमीटरवरून यायची.

पेन्सिलीच्या नोंदींचा फोटो मोबाइलवरून हेल्पडेस्कला गेला. तिकडच्या पोरानं पहिल्यांदाच ‘रीस्टार्ट केलं का सर?’ असं विचारलं नाही. दुपारी त्यानं लांबूनच लॅपटॉपचा ताबा घेतला. पडद्यावरचा बाण आपोआप फिरायला लागला, तशी सगळी शेड भोवती गोळा झाली, पूर्वी खोललेल्या इंजिनाभोवती जमायची तशीच. बाणानं एक खिडकी उघडली, ‘रोमिंग’ असा शब्द असलेल्या ओळीवर थांबला, एक पर्याय बदलला आणि खिडकी मिटली. डब्यांनी एकमेकांतच ओळख पटवून पुण्याचा फेरा टाळायची सोयही रात्री करतो, असं पोरानं सांगितलं.

‘झालं?’ मेस्त्रींनी विचारलं. ‘पाना बी लागला नाही?’

दुसऱ्या दिवशी साहेब मीटिंग चालू ठेवून ऑफिसमधून निघाले. मोल्डिंग शॉप गेलं, लॅब आली, कार्बन तीन पूर्णांक चार पूर्ण ऐकू गेला. हेल्परनं कोपऱ्यातल्या एक्स्टेन्शनकडे बघत विचारलं, ‘वायर गुंडाळून ठेवू काय साहेब?’

साहेबांनी पडद्यावरच्या रेघा एकदा मोजल्या. ‘राहू दे आजच्या दिवस.’