एक आवृत्ती मागे

पवनारात धाम नदीच्या पुलावरून हाक मारली तर ओ येईल, इतक्या अंतरावर हे गृहस्थ हमखास सापडतात. निवृत्त, खादीधारी आणि सॉफ्टवेअरच्या बाबतीत कायम एक आवृत्ती मागे. लोक त्यांना नुसतं ‘गुरुजी’ म्हणतात. असे गुरुजी सेलूत आहेत, हिंगणघाटातही आहेत. पण पवनारच्या मातीत काटकसर जरा जोमाने उगवते, म्हणून इथला वाण अस्सल.

गुरुजी संगणकाच्या खोलीत चप्पल घालून जात नाहीत. एमएस-सीआयटीच्या वर्गात ती बाहेर काढायला लावायचे, तेवढा एक धडा पक्का झाला. फाटकाला दोन कुलपं. रात्री उठून ती ओढून पाहायची. आत मात्र विंडोज एक्सपी. 8 एप्रिल 2014 ला मायक्रोसॉफ्टने एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती थांबवली, तेव्हा गुरुजी म्हणाले, “चालते ना? मंग काहून बदलू?” मे 2017 मध्ये वॉनाक्रायने जगभरचे संगणक ओलीस धरले, खंडणी मागितली. पुढच्याच महिन्यात तेच छिद्र वापरणाऱ्या दुसऱ्या एका हल्ल्याने न्हावाशेवा बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं. गुरुजींनी बातमीचं कात्रण काढलं, वहीत चिकटवलं आणि निर्णय दिला, “बंदरात माल असते. माह्या घरी चोराले काय भेटन?” त्याच टेबलाच्या काचेखाली पेन्शनच्या खात्याचा पासवर्ड, फळ्यावरच्या सुवाच्य अक्षरात.

पुढे ते विंडोज सेव्हनवर आले, पण जानेवारी 2020 मध्ये त्याचं दुकान मिटल्यानंतर. विंडोज टेनशी सूर जुळतोय तोच 14 ऑक्टोबर 2025 उजाडला आणि त्याचंही दुकान मिटलं.

दर दिवाळीला पुण्याहून येणारा नातू या वेळी हट्टाने बसला. “आबाजी, कंपनी नव्या घराचं भगदाड बुजवते ना, तेव्हाच चोराला कळतं की जुन्या घरालाही त्याच जागी भगदाड आहे. आणि तिथे गवंडी यायचा बंद झालाय.” गुरुजींना हे पटलं. घर म्हटलं की त्यांना पटतं. मग नातवाने सांगितलं की विंडोज अकराला टीपीएम 2.0 नावाची सोय लागते, ती या यंत्रात नाही, म्हणजे नवा संगणक. इथे गुरुजी भडकले, आणि खरं सांगायचं तर या मुद्द्यावर मी त्यांच्याच बाजूचा. पडदा चालू, कीबोर्ड चालू, पंखा कुरकुरतो पण फिरतो. असं धडधाकट यंत्र भंगारात घालायचं कशासाठी?

“मग लिनक्स मिंट टाकू,” नातू म्हणाला. “फुकट आहे. दुरुस्त्याही येत राहतात.”

“फुकट? मालक कोण?”

“तसा कोणीच नाही. कोणीही घ्यावं, बदलावं, वाटावं.”

गुरुजी खुर्चीतून उठले. विनोबांनी परंधाम आश्रमात पैशाविना जगण्याचा, कांचनमुक्तीचा प्रयोग केला तो याच गावात. “अरे, हे तं कांचनमुक्ती झालं! आधी काहून नाही सांगितलं बे?” नातवाने आधीच्या दिवाळ्यांचा विषय काढला नाही. फोटो आणि कागद बाहेर उतरवून घेतले, पेनड्राइव्ह लावला. चहा होईपर्यंत काम आटोपलं.

आता धाक गावाला आहे. गुरुजी खिशात पेनड्राइव्ह घालून दारोदार फिरतात. विनोबा जमिनीचा सहावा हिस्सा मागत, हे संगणकांचा मागतात. घरी एकच असला की हिशेब अडतो, मग ते पूर्णांकात मागतात. “तुह्या टेनची मुदत सरली, ठाऊक हाय का?” असं त्यांनी किराणावाल्याला भर गिऱ्हाइकात विचारलं. त्याने सवयीने बिस्किटाचा पुडा उलटून तारीख पाहिली.

परवा मी त्यांच्या मोबाइलला शेवटचं अपडेट कधी आलं ते विचारलं. पेन्शनचं बँकेचं ॲप त्यातच आहे.

“फोनले काय होते जी?” गुरुजी म्हणाले. “त्याले तं मी कव्हर घातलं हाय.”