तिकडची आजी

(परभणी. जून सरत आलाय, मृग कोरडा गेला, लाइट नाही. नात वर्षभर पोलंडला राहून कालच उतरली आहे. आजी ताक घुसळत बसली आहे.)

आजी : आता सांग. त्या बाईनं काय काय खाऊ घातलं?

नात : कोणत्या बाईनं? रोटरीच्या अदलाबदलीत गेलते ना, वर्षात तीन घरं झाली. तीन आया.

आजी : तीन! इथं तुझ्या मायला एक सासू जड जायली.

नात : वर नियम. दारू नाही, गाडी चालवायची नाही, प्रेमबिम नाही.

आजी : मग एवढ्या लांब कामून गेलीस? हे तर परभणीत फुकट होतं.

नात : घरात शिरताना चपला दारात. लगेच घरातल्या सपाता देतात. अन् उंबऱ्यातून हात मिळवायचा नाही, अपशकुन.

आजी : बरोबरच हाय. उंबऱ्यावर देणं-घेणं करूच नये. शहाणं माणूस दिसतंय. कोन म्हनलं?

नात : पहिल्या घरातली बाप्चा.

आजी : बापाचा? बाई ना ती?

नात : बाईच. तिकडं तसं म्हणतात.

आजी : म्हंजी काय?

नात : (जरा थांबून) आजी.

(रवी थांबते. मग पुन्हा सुरू होते, जरा जोरात.)

नात : गार पायरीवर बसले की ओरडायची, लांडगा धरील म्हणून.

आजी : अगं माय! दारात लांडगे?

नात : बोलायची पद्धत गं. आपल्याकडं उन्हानं उन्हाळी लागते, तिकडं गारठ्यानं लागते. तिला लांडगा म्हणतात.

आजी : आजार एकच, जनावर तेवढं जास्तीचं. अन् खायला?

नात : पिएरोगी. उकडलेली करंजी समज, आत बटाटा आणि पनीरसारखं काहीतरी.

आजी : उकडलेली करंजी! तेल संपलं होतं का तिचं?

नात : झुरेक पण असायचं. राय नावाचं धान्य असतं, त्याचं पीठ आंबवून केलेलं सूप.

आजी : आंबील म्हन की. इमानाचं तिकीट काढून आंबील प्यायला गेलती!

नात : खरा घोळ भाषेचा झाला. पहिल्या दिवशी बाप्चा विचारायली, अजून वाढू? मी म्हटलं, नो. तिनं दोन वाढल्या. मी पुन्हा नो, पुन्हा दोन. त्यांच्या बोलण्यात 'नो' म्हणजे 'हो ना'! नको असलं तर 'न्ये' म्हणायचं.

आजी : अन् हो म्हनायला?

नात : ताक.

(आजी एकदा गाडग्यात बघते, एकदा नातीकडं.)

नात : खरंच गं. मला वाटलं, ताक हवं का विचारायलेत. घर आठवून डोळेच भरले. मी आपली ओरडले, ताक, ताक! अजून चार आल्या.

आजी : मांस-मटण?

नात : नाताळच्या आदल्या दिवशी तर सगळ्यांनाच बंद. बारा पदार्थ, सगळे बिनमांसाचे. पहिली चांदणी दिसली की मग जेवायचं.

आजी : संकष्टीच की! किती वाजेस्तोवर उपाशी?

नात : चारपर्यंत. डिसेंबरात साडेतीनलाच सूर्य मावळतो.

आजी : असली संकष्टी मी रोज धरीन.

नात : मासा चालतो मात्र. आमचा कार्प दोन दिवस न्हाणीतल्या टबात पोहत होता.

आजी : अन् तू आंघोळ कुठं केलीस?

नात : शेजाऱ्यांकडं. (थोडं थांबून) त्या रात्री एक ताट जास्तीचं मांडतात. अवचित कोणी दारात आलं तर त्याच्यासाठी.

आजी : कोन आलं?

नात : मला वाटलं, ते माझंच. बाप्चा म्हणाली, तुझं घरच्यांत मोजलंय, हे वेगळं.

(रवी पुन्हा थांबते.)

आजी : परक्याची पोर अशी ठेवून घेतली...

नात : आपणही ठेवलीत की. महायुद्धात रशियानं सैबेरियात नेऊन टाकलेली पोलिश बायकापोरं इराणवरून इकडं आली. १९४३ ते १९४८, कोल्हापूरजवळ वळिवड्याला, पाच हजारांच्या आसपास. बाप्चाला ठाऊक होतं, मलाच नव्हतं.

आजी : म्हंजी उसनं कोल्हापूरनं दिलं अन् वसूल तू केलंस.

नात : मी भाकरी केली होती त्यांना. परभणी मोतीचं पीठ नेलतं ना, आपल्या कृषी विद्यापीठाचं ज्वारीचं वाण. थापायला लागले तर खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या, कुणाला मारायलेत का बघायला.

आजी : अन् तुझी ती बाप्चा काय म्हनली?

नात : म्हणाली, पीठ चांगलं आहे, हात कच्चा आहे. तुझ्या आजीच्या हातची खायला येते.

आजी : (पदर सारखा करत) येऊ दे की. मे महिन्यात बोलीव.

नात : आजी! मेमध्ये चव्वेचाळीस असतं इथं!

आजी : तिचा लांडगा पळून जाईल. घे, ताक घे.

नात : बास, बास. पोट फुटेल. नो, आजी, नो!

आजी : (ओतता ओतता) म्हंजी हो ना.