लातूर पॅटर्न, हामटा खिंड

नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस पकडून आपली पोरं हिमालयात निघतात. 360 मीटरवरचा गडी 4,270 मीटरच्या हामटा खिंडीवर चालला, तो मोबाइलमधल्या निळ्या ठिपक्याच्या भरवशावर. लातूरकर त्याहून हुशार. तो वाटेच्याही नोट्स काढून आणतो, अपेक्षित प्रश्नसंचासह. ठिपक्याला दरी दिसत नाही, हे अर्थात प्रश्नसंचात नसतं. थंडीनं बॅटरीनं मान टाकली की दोघांची गुणवत्ता यादी एकच होते.

मग कुलूचा वाटाड्या, बहुधा दहावी नापास, शिकवणी घेतो. एकावर एक रचलेले दगड बघा. खेचरांची ताजी लीद बघा, ती कधी खोटं बोलत नाही. ओढा सकाळीच ओलांडा. दुपारी बर्फ वितळलं की तोच ओढा अंगावर येतो. 'अजून किती?' विचारलं की तो म्हणतो, 'बस, आधा घंटा.' गावाकडं 'हे काय, इथंच' ऐकत वाढलेल्या मराठवाड्याच्या माणसाला त्याचा हिशेब बरोबर कळतो: अडीच तास.

क्लासची फी निमूट भरता ना? मग या मास्तरच्या मजुरीत तेवढी घासाघीस करू नका.