फॉर्म 20 उघडून बसणारे मूर्ख

4 जून 2024 ला अमर काळे वर्ध्यातून 81,648 मतांनी निवडून आले, भाजपचे रामदास तडस पडले. 23 नोव्हेंबरला त्याच लोकसभा मतदारसंघातल्या सहाही विधानसभा जागा भाजपने जिंकल्या: आर्वी, देवळी, हिंगणघाट, वर्धा आणि अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वे, मोर्शी. शहाण्यांना याचा उलगडा त्याच संध्याकाळी झाला. एकाने सांगितलं, लाडकी बहीण योजनेचे बायकांना मिळालेले पैसे. दुसऱ्याने सांगितलं, मतदान यंत्रातला घोटाळा. चहा संपायच्या आत विषय मिटला.

अशा शहाण्यांचं कौतुक करायला माणसं पुष्कळ आहेत. मी मूर्खांची बाजू घेतो. जो मूर्ख दोन्ही निवडणुकांचे फॉर्म 20, म्हणजे केंद्रवार मतांचे अधिकृत तक्ते, काढतो, केंद्रामागून केंद्र, उमेदवारामागून उमेदवार मतं वहीत उतरवतो आणि महिनाभर ‘अजून सांगता येत नाही’ एवढंच म्हणतो, त्याची.

त्याला अडवणाऱ्या गोष्टी खऱ्या आहेत. टपाली मतं केंद्रांत वाटलेली नसतात. केंद्रं वाढली की क्रमांक सरकतात, आणि एक ओळ चुकली की पुढचं सगळं खोटं. ऑगस्ट 2025 मध्ये सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या संजय कुमार यांनी रामटेक आणि देवळाली या विधानसभा जागांतले मतदार लोकसभेच्या तुलनेत विधानसभेला एकदम घटल्याचं लिहिलं. मग ओळी चुकीच्या वाचल्या गेल्याचं सांगून ते मागे घेतलं, जाहीर माफी मागितली. देशातल्या नावाजलेल्या संस्थेत हे घडतं.

पद्धतीचं भांडण तर त्याहून मोलाचं. कोणी बेनफर्डचा नियम आणतो: पहिला अंक 1 असण्याचं प्रमाण सुमारे 30 टक्के हवं. हा नियम शेकड्यापासून लाखापर्यंत पसरलेल्या आकड्यांना लागतो. केंद्रावर मतदार हजाराच्या आसपास, चुरशीच्या लढतीत बड्या उमेदवाराची मतं तीनशे ते सहाशे. तिथे 1 कमी दिसला तर त्यातून घोटाळा सिद्ध होत नाही. दुसरा म्हणतो, मतदान वाढलं तिथे भाजप वाढला, म्हणजे बायकांनी मत दिलं. फॉर्म 20 मध्ये बाई-पुरुष वेगळे नाहीत. केंद्राच्या बेरजेवरून माणसाचं मत काढता येत नाही, हे समाजशास्त्रज्ञ रॉबिन्सनने 1950 मध्येच दाखवलं.

विधानसभेच्या प्रत्येक जागेत पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहतात. ‘पाच व्हीव्हीपॅट तपासले, झालं’ हेही मूर्खाला पुरत नाही. समजा, विधानसभेच्या एका जागेवर 300 केंद्रं आहेत. निम्मी यंत्रं बिघडलेली असतील, तर चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या पाचांत एकही न सापडण्याची शक्यता सुमारे 3 टक्के. पण तीनच बिघडलेली असतील, तर ती निसटण्याची शक्यता 95 टक्के. म्हणजे तीच तपासणी मोठ्या लबाडीला भक्कम आणि छोट्या लबाडीला तोकडी. वर्ध्यात लोकसभेचं मतदान चालू होतं त्याच दिवशी, 26 एप्रिल 2024 ला, सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली. दुसऱ्या-तिसऱ्या उमेदवाराला मात्र पाच टक्के यंत्रं तपासून घेण्याची वाट दिली. ‘सगळं खोटं’ आणि ‘सगळं खरं’ या दोन्ही आरोळ्यांत हा हिशेब बसत नाही, म्हणून तो मूर्खाकडेच राहतो.

मला हा मूर्ख गावोगावी हवा आहे. त्याच्यासाठी निवडणूक आयोगाने दोनच गोष्टी कराव्यात: फॉर्म 20 स्कॅनच्या चित्राऐवजी थेट बेरीज करता येईल अशा तक्त्यात द्यावा, आणि मतदान संपताच उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या हाती पडणारा फॉर्म 17सी, म्हणजे केंद्रावर पडलेल्या मतांची नोंद, सर्वांना बघायला मिळावा.